अदिश कणाची जुळणी

डॉ. भिकाजीने सगुणेच्या आयुष्यात पहिलं पाऊल टाकलं, ते थेट लग्नपत्रिकेवर पडलं.

पत्रिका त्या दोघांची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्ट इथेच संपली असं समजून तुम्ही पान उलटाल. ती मालन नावाच्या कुणा मुलीची होती आणि अजून कागदावर उतरलीसुद्धा नव्हती. सत्त्याऐंशी सालचा मे महिना. रत्नागिरीच्या वरच्या आळीतल्या जुगाई छापखान्यात भर दुपारी वीज गेली होती, म्हणून सगुणेने शिशाचे खिळे एकेक जुळवून तयार केलेली पत्रिका उंबऱ्याशी, उजेडात आणून ठेवली होती. तेवढ्यात बाहेरच्या रखरखाटातून एक उंच तरुण आत आला. उन्हाने त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आलेली. त्याची चप्पल नेमकी पडली ती ओळींच्या मधोमध — आणि चि. सौ. कां. मालन टेबलाखाली, कपाटाखाली आणि यमुनाआत्याच्या पाटाखाली विखरून गेली.

"अरेरे… लागलं का हो?" तरुणाने विचारलं.

"मला नाही. मालनला लागलं," सगुणा म्हणाली. "बसा खाली. वेचा."

तो बसला. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत विश्वाच्या मुळाशी काय आहे याचा शोध घेणारा हा शास्त्रज्ञ पुढचा तासभर कपाटाच्या मुळाशी काय आहे याचा शोध घेत होता. दोघांचे हात एकाच अर्ध्या 'म'वर दोनदा पडले. पहिल्यांदा चुकून पडले. दुसऱ्यांदाचं मला माहीत नाही.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणतात. सगुणा ही रत्नागिरीतली एकमेव बी. ए. झालेली बाई जुळारी. तालुक्यातली निम्मी लग्नं तिच्या हातून जुळली होती, म्हणजे छापून गेली होती. तिचं स्वतःचं मात्र जुळत नव्हतं, आणि यावर आळीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विनोद करून झाला होता.

आता मात्र जुळत आलं होतं. लांज्याच्या काजूवाल्यांचा विठू तिला बघून गेला होता. बघताना त्याने एकच प्रश्न विचारला, "काजू आवडतात का?" सगुणा म्हणाली, "कधीकधी." तेव्हापासून दर बुधवारी एस. टी.ने काजूची पिशवी येत होती. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. तिचे वडील, छापखान्याचे मालक आप्पा येत्या शनिवारी काजूवाल्यांना शब्द देणार होते, आणि आप्पांनी दिलेला शब्द फिरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सगुणेला शनिवार नको होता. का नको, ते तिला सांगता येत नव्हतं. निदान तो पायाचा प्रसंग होईपर्यंत तरी येत नव्हतं.

भिकाजी आला होता पुस्तिका छापून घ्यायला. ज्ञानसागर व्याख्यानमालेचं पाचवं पुष्प तो गुंफणार होता, त्याच शनिवारी संध्याकाळी. गाव मंडणगडाकडे, पण कॉलेजची चार वर्षं रत्नागिरीत काढलेली, म्हणून मंडळाने त्याला आग्रह केला होता. मंडळाच्या व्याख्यानांना साधारण अकरा श्रोते येत. त्यांतले दोघे पंख्यासाठी.

सगुणेने हस्तलिखितावरचं नाव मोठ्याने वाचलं. "'न्यूट्रिनोचे वस्तुमान आणि संयुक्त अदिश कण.' …हे मराठीच आहे ना?"

"आहे. म्हणजे… व्हावं अशी इच्छा आहे."

"अदिश म्हणजे?"

"ज्याला किंमत असते, पण दिशा नसते."

सगुणेने त्याच्याकडे नीट पाहिलं. केस चारी दिशांना. सदऱ्याचं वरचं बटण दुसऱ्या काजात, दुसरं तिसऱ्यात. "आलं लक्षात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. मुद्रितं तपासायला, असं तो म्हणे. पुस्तिका सोळा पानांची. त्याच्या येण्याच्या हिशेबाने महाभारत छापून झालं असतं.

"एक अडचण आहे," बुधवारी सगुणा म्हणाली. "तुमचा न्यूट्रिनो पुरत नाही."

"कसा?"

"'ट्र'चे खिळे थोडेच आहेत. इथे ट्रक आणि ट्रस्ट सोडून 'ट्र' लागतो कुणाला? पानाला नऊच न्यूट्रिनो मिळतील."

"अहो, पण हे बघा," भिकाजी कळवळून म्हणाला, "आत्ता, या क्षणी, तुमच्या एका नखातून अब्जावधी न्यूट्रिनो आरपार जातायत. सूर्याकडून निघालेले. वाटेत कुणाला धक्का नाही, कुणाची ओळख नाही, कुणाला पत्ता नाही!"

"आमच्या आळीतून जात नसतील मग. इथून पत्ता न लागता कुणी जात नाही."

"फेब्रुवारीत लांबचा एक तारा फुटला. त्यातून तर इतके सुटले की—"

"ते असू द्या हो. माझ्या केसात नऊच आहेत."

भिकाजी थांबला. त्याची नजर तिच्या अंबाड्यावर गेली. तिथे सुरंगीचा गजरा होता, आणि त्याचा वास छपाईच्या शाईला आणि रॉकेलला पुरून उरला होता. "तुमच्या… केसात?"

"खिळ्यांच्या केसात!" सगुणेने समोरच्या लाकडी खणांवर, छापखान्यातल्या 'केस'वर बोट आपटलं. पण तिचे कान लाल झाले, आणि त्या पानात दहाव्या न्यूट्रिनोच्या जागी चुकून 'नवरा' जुळला. मुद्रितात तो सापडला तेव्हा भिकाजीने त्याखाली रेघ मारली नाही. नुसतंच बघत राहिला.

सायंकाळी आत्या त्याला चहा द्यायची आणि सगुणा प्रश्न. सगळं भांडण वजनावरून आहे, तो सांगायचा. कणांना वजन येतं ते एका अदिशामुळे, असं म्हणतात. पण तो अदिश अखंड आहे की आतून जोडलेला, यावर शास्त्रज्ञांत दोन तट.

"तुम्ही कुठल्या तटात?"

"जोडलेल्या. दोघं इतके घट्ट जुळलेले असतात की बघणाऱ्याला एकच वाटतात."

सगुणेने खणातून 'अ' काढला, त्याला काना लावला, वर मात्रा बसवली आणि ते त्याच्या तळहातावर ठेवलं. "ओ," ती म्हणाली. "छापून आला की कुणी म्हणेल का जोडलाय?"

"हाच! अगदी हाच!" भिकाजीने मूठ मिटली. ओ त्याच्या मुठीत राहिला, आणि तिची दोन बोटंही. "प्रश्न एवढाच की… त्यांना धरून काय ठेवतं?"

"काय ठेवतं?"

"एक जोर आहे. त्याला इंग्रजीत रंगीत सिनेमासारखं नाव दिलंय, टेक्निकलर. मराठीत अजून…"

"डॉक्टर, चहा निवतोय," आत्या आतून म्हणाली. आत्याला शास्त्र कळत नव्हतं, पण मुठी कळत होत्या.

गुरुवारी तो एका शब्दावर अडला. न्यूट्रिनो इतका हलका का, तर त्याचा एक अतिशय जड जोडीदार आहे म्हणून. हा जितका जड, तितका तो हलका. "इंग्रजीत याला मुलांच्या खेळातल्या फळीचं नाव आहे. एक टोक वर, एक खाली. सी-सॉ."

"सी-सॉ छापायचं नाही," आप्पा पायाने चालणाऱ्या ट्रेडल यंत्रावरून म्हणाले. "लोक म्हणतील वक्त्याचं नाक गळतंय."

"थांबा," सगुणा म्हणाली. "चला माझ्याबरोबर. परसात."

परसातल्या विहिरीवर पाणी काढायला कोकणात असते तशी लाट होती. खांबावर तोललेला लांबलचक वासा, त्याच्या मागच्या टोकाला बांधलेला भलामोठा दगड, पुढच्या टोकाला दोर आणि पोहरा. सगुणेने दोर ओढून पोहरा विहिरीत सोडला. भरला, तसा हात सैल केला. मागचा दगड खाली बसत गेला आणि भरला पोहरा जणू रिकामाच असल्यासारखा अलगद वर आला.

"दगड जितका जड, तितकं हे टोक हलकं. हिला आम्ही लाट म्हणतो."

"लाट!" भिकाजी म्हणाला. आनंदाने त्याचा आवाज चिरकला. "मी बघू?" त्याने दोर धरला, ओढला, आणि पोहरा पुरता वर यायच्या आधी टाळी वाजवायला दोन्ही हात सोडले. दगड धाडकन खाली गेला. पोहरा आभाळात गेला. त्यातलं पाणी मात्र गेलं नाही.

नखशिखांत भिजलेला भिकाजी चष्मा पुसायला कोरडी जागा शोधत होता. सगुणेने पदराचं टोक पुढे केलं. त्याने चष्मा पुसला. टोक परत करायला मात्र विसरला.

"तो जड जोडीदार…" तिने हळूच विचारलं, "कुणी पाहिलाय?"

"नाही. कुणीच नाही."

"मग आहे कशावरून?"

"हा इतका हलका झालाय, त्यावरून," भिकाजी म्हणाला, आणि स्वतःच्या बोलण्याचा अर्थ लक्षात येऊन पदर सोडून पळाला. परसाला त्या बाजूने वाट नव्हती, त्यामुळे त्याला परत यावं लागलं.

शुक्रवारी शेवटचं मुद्रित. तो निघाला, दारात थांबला, मागे फिरला. "सगुणाबाई… एक विचारायचं होतं. बरेच दिवस."

सगुणेच्या हातातला खिळा थांबला. "विचारा ना."

"…'वस्तुमान' एकत्र लिहायचं, की तोडून?"

"एकत्र," सगुणा म्हणाली. "काही गोष्टी एकत्रच बऱ्या दिसतात." तो मान डोलावून निघून गेला. बस स्टँड उजवीकडे होता, तो डावीकडे गेला. उद्या शनिवार, परवा तो मुंबईला. सगुणेने काजूची पिशवी फळीवर इतकी वर ठेवली की स्टुलाशिवाय कुणाचा हात पोचू नये.

आता जाहिरातीच्या पत्रकाचं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथला. पत्रक आप्पांनी जुळवलं. सगळे 'ट्र' पुस्तिकेत अडकलेले, म्हणून न्यूट्रिनो गळला. न्यूट्रिनो गेल्यावर त्याचं वस्तुमान ठेवण्यात अर्थ नव्हता. 'संयुक्त अदिश' लोकांना आवडणार नाही, असं आप्पांचं मत पडलं. उरली ती गुरुवारी पुस्तिकेत शिरलेली लाट. ती त्यांनी ठसठशीत खिळ्यांत छापली:

'ज्ञानसागर. शनिवारी सायंकाळी सहा वाजता. लाट! तिचे जड टोक कोणते, हलके कोणते, व तिचा आपणावर होणारा परिणाम, मुंबईचे शास्त्रज्ञ डॉ. भिकाजी सविस्तर सांगतील.'

पत्रकं पोरांनी शुक्रवारी सकाळीच बंदरापर्यंत वाटली. अमावास्येचं उधाण जवळ आलेलं. बंदरावर ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी जास्त सविस्तर सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या होड्या वाळूवर ओढलेल्या, आणि बाजारात मासळीचा काटासुद्धा नाही.

शनिवारी सहाला सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाच्या चिटणिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका विज्ञाननिष्ठ जिल्हा त्यांनी पाहिला नव्हता. फक्त काही श्रोत्यांनी गाठोडी का आणली आहेत, ते त्यांना उमगेना. पुढच्या रांगेत आप्पा, शेजारी लांज्याचे काजूवाले आणि विठू. व्याख्यान झालं की घरी पन्हं आणि शब्द, असं ठरलेलं. बायकांच्या बाजूला आत्या आणि सगुणा. अगदी मागे, खांबाला टेकून, भिकाजीचे वडील महिपत. मुलगा नेमकं काय करतो ते बघायला ते मंडणगडाहून एस. टी.ने आले होते. "नुसता इचार करतो आन त्येचा पगार घेतो," एवढंच त्यांना ठाऊक होतं.

भिकाजी उभा राहिला. "मित्रहो, लाट म्हटलं की आपल्याला एकच टोक दिसतं. दुसरं टोक कल्पनेपलीकडे जड आहे…"

सभागृहात सुस्कारा उठला.

"…ती आजची नाही. विश्वाच्या आरंभापासून तिचा परिणाम चालू आहे. या क्षणी तिच्या हलक्या टोकाचे कण आपल्या अंगातून आरपार जातायत!"

एका बाईने मूल उचललं. मधल्या रांगेतून युसुफ तांडेल उभा राहिला. बंदरावरची सगळ्यात मोठी लाँच त्याची, आवाजही त्याच मापाचा.

"डाक्टर, ता समदा ऱ्हाऊ दे. लाट कवा येवाची ता सांगा. रात्री, का पहाटे?"

"लाट? कुठली…?"

"दर्याची! दुसरी कुठली? आमची लाँच वाळूत बसली हाय!"

भिकाजीला हळूहळू उजेड पडला. "अहो, ही समुद्राची नाही. विहिरीवरची! पाणी काढायची!"

सभागृह एकदम शंभर तोंडांनी बोलू लागलं. "इहिरीच्या लाटंपायी आमी दोन दिस दर्यावर गेलो नाय?" युसुफ गरजला. "हा शब्द घातलान कुणी? छापलान कुणी?"

सगळ्या माना आप्पांकडे वळल्या. आप्पांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

"छापखान्याचा काही दोष नाही," भिकाजी घाईघाईने म्हणाला. घामाने त्याचा चष्मा नाकावरून घसरत होता. "शब्द माझा आहे. जे काय बोलायचं ते मला बोला."

सगुणेला ते बघवेना. स्वतःचा नसलेला दोष अंगावर घेऊन एक माणूस चुकीच्या बटणांनिशी शंभर जणांपुढे उभा होता. ती ताडकन उठली आणि सभागृहाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली,

"त्यांचं काही चुकलेलं नाही! शब्द मी दिला त्यांना. गुरुवारी. आमच्या परसात, विहिरीपाशी. आत्याला विचारा!"

"मला?" आत्या म्हणाली. "मी निजले होते गो!"

आपली भाषा फार काटकसरी आहे. पुस्तकातला शब्द आणि जन्माचा शब्द, दोन्हींना तिने एकच शब्द ठेवलाय. सगुणेच्या ते ध्यानात आलं तेव्हा काजूवाले आप्पांकडे बघत होते, आप्पा सगुणेकडे, आणि सगळं बंदर भिकाजीकडे.

दुरुस्ती सोपी होती. 'लाट हा शब्द', एवढं म्हटलं की झालं. छापखान्यात वाढलेली मुलगी. चूक दिसली की तिचे हात शिवशिवायचे. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिची नजर व्यासपीठाकडे गेली. भिकाजी खडू हातात धरून तिच्याकडे असा बघत होता, जणू तो न पाहिलेला जड जोडीदार आत्ता पहिल्यांदा दिसला.

सगुणेने तोंड मिटलं. चूक बघून सोडून देण्याची ही तिची आयुष्यातली पहिली वेळ.

मागच्या खांबाजवळून महिपतांचा आवाज आला. "काय रं भिकाजी? तिनं शब्द दिलान. तू काय दिलास?"

"मी… बाबा, मी कालच देणार होतो. पण मध्ये 'वस्तुमान' आलं."

"मंग आता दे!"

भिकाजी व्यासपीठाच्या पायऱ्या उतरला. उजवीकडे वळला नाही, डावीकडे वळला नाही. गाठोडी ओलांडत, माफी मागत तो सरळ बायकांच्या बाजूला आला आणि सगुणेसमोर उभा राहिला. "दिला," तो म्हणाला. आणि जरा थांबून, शास्त्रज्ञाच्या चोखपणाने, "म्हणजे… तुम्ही घेणार असाल तर."

"घेतला," सगुणा म्हणाली.

काजूवाले उठू लागले. विठूने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आप्पांच्या मांडीवर ठेवली. "राहू दे," तो म्हणाला. "लग्नात खिरीला लागतील." त्या संध्याकाळी सभागृहात सगळ्यात जड कोण होतं, हे मला विचाराल तर तो विठू.

"म्हंजे दर्यात काय येनार नाय?" युसुफने शेवटचं विचारून घेतलं.

"नाही."

"मंग आमी चाललाव. लगीन ठरला की सांगा. जेवनाला सरंग्याची मासळी आमची!"

दुसऱ्या दिवशी चिटणिसांचा निरोप आला. शुद्धिपत्र काढा, बंदरावर वाटा. आप्पा सांगू लागले, सगुणा जुळवू लागली. "'पत्रकातील लाट समुद्राची नसून विहिरीवरची समजावी.' झालं? आता दुसरी ओळ. 'तसेच सभेत उच्चारलेल्या शब्द दिला या शब्दांचा अर्थ केवळ…'"

सगुणेचा हात थांबला. "आप्पा, या ओळीला खिळे नाहीत."

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खणांकडे पाहिलं. पुस्तिका काल छापून सुटली होती. सगळे खण काठोकाठ भरलेले, 'ट्र'सुद्धा होता. त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला.

"संपले?"

"संपले."

"मग राहू दे," आप्पा म्हणाले. "आणि ते केव्हा येतील?"

"खिळे?"

"डॉक्टर."

डॉक्टर दारातच होते. मुंबईची एस. टी. चुकली होती, स्टँड नेमका कुठल्या बाजूला, हे आजही त्यांना आठवलं नव्हतं. आत यायला त्यांनी पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. उंबऱ्याशी, उजेडात, जुळवलेल्या खिळ्यांची एक पत्रिका ठेवलेली होती.

"पाय टाकू?"

"बघून," सगुणा म्हणाली.

तो वाकला. चि. भिकाजी हे नाव वाचायला त्याला थोडा वेळ लागला, शेजारचं मात्र लगेच वाचता आलं.

"सगळं उलटं आहे हो."

"खिळ्यांत उलटंच दिसतं," ती म्हणाली. "छापलं की सुलट होतं."